चार नंबरची काच

चार नंबर इमारतीच्या पूर्वेकडच्या जिन्यातली काच त्या महिन्यात चौथ्यांदा फुटली, तेव्हा काचकाकांनी शिवी हासडली. एरवी ते शिव्या देणाऱ्यांतले नव्हते. जन्मभर काचेचं काम केलेल्या माणसाचे हात जपून चालतात तशी त्यांची जीभही जपूनच चालायची, आणि बायको गेल्यापासून तर ती फारशी चालतच नव्हती. पण महिन्यात चार म्हणजे अतीच झालं.

काच म्हणजे खिडकीची नव्हे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला वरपासून खालपर्यंत एक भेग गेली होती. त्या भेगेवर वीतभर लांब, दोन बोटं रुंद अशी काचेची पट्टी आडवी बसवलेली होती आणि तिची दोन्ही टोकं प्लॅस्टरने भिंतीत पक्की केलेली होती. ही पालिकेच्या ऑफिसची युक्ती. भिंत जागची हलली नाही तर पट्टी शाबूत राहते. भेग केसभर जरी रुंदावली तरी पट्टी तडकते. पट्टीच्या कोपऱ्यात काळ्या रंगाने अकरा वर्षांपूर्वीची तारीख होती आणि शेजारी तेव्हाच्या ओव्हरसियरची सही. दर तीन महिन्यांनी ऑफिसचा माणूस यायचा, टॉर्च मारून बघायचा, पट्टी अखंड दिसली की फोटो काढून वहीत खूण करायचा आणि कुणाकडे तरी चहा पिऊन जायचा.

काचकाकांनी तुकडे फडक्यात गुंडाळले, जुनं प्लॅस्टर खरवडलं, नवी पट्टी बसवली आणि बारीक ब्रशने तीच अकरा वर्षांपूर्वीची तारीख घातली. मग सही ठोकली. ओव्हरसियर बिचारा जाऊन सहा वर्षं झाली होती; त्याची सही मात्र अजून जोरात चालू होती.

या वसाहतीचा इतिहास कुणाला हवा असेल तर तो काचकाकांकडेच मागावा. गरिबांना सरकारने पक्की घरं बांधून द्यायची ही कल्पनाच चव्वेचाळीस वर्षांपूर्वी नवी होती, आणि त्या शहरातली ही अशी पहिलीच वसाहत. सहा इमारती, प्रत्येकीत चाळीस घरं, घरात स्वतःचा नळ आणि स्वतःचा संडास. नाल्याकाठच्या झोपड्यांतून माणसं उचलून इथे आणली, तेव्हा आधी त्यांच्या गाद्या, खाटा, कपडे सगळं एका बंद गाडीत घालून औषधाची वाफ दिली. महिनाभर घराघरांत दवाखान्याचा वास येत होता. दर सोमवारी एक तपासणीसबाई यायची आणि फळीवरून बोट फिरवून धूळ बघायची. एकदा तिला काचकाकांच्या खाटेत ढेकूण सापडला. काकू म्हणाल्या, "तुमच्याच गाडीतून आला असेल. आमचे ढेकूण आम्ही चेहऱ्याने ओळखतो." तपासणीसबाईंनी त्या वाक्याची लेखी नोंद केली. कितीतरी वर्षं ते वाक्य वसाहतीत फिरत होतं.

काचकाका तेव्हा बावीस वर्षांचे होते. ठेकेदाराकडे कामाला होते आणि सहाही इमारतींच्या खिडक्यांना काचा त्यांनीच बसवल्या होत्या. अठरा बाय चोवीस इंच, सगळ्या एका मापाच्या. त्यामुळे चार नंबरच्या पायाखाली काय आहे तेही त्यांना ठाऊक होतं. तिथे दगडाची खाण होती. बाकीच्या इमारतींचा दगड त्याच खाणीतून निघाला. मग खड्डा उरला, आणि खड्डा भरायला नाल्याकाठच्या पाडलेल्या झोपड्या होत्याच: कुडाच्या भिंती, पत्रे, कुजकी लाकडं, चिंध्या. वरून माती दाबली, तीवर चार नंबर उभी केली आणि ज्यांच्या झोपड्या खाली गाडल्या त्यांनाच वर राहायला दिली. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला होता, "बसेल दोनचार वर्षांत. बसली की घट्ट होईल." चव्वेचाळीस वर्षं झाली, ती अजून बसतच होती.

काचकाका गप्प का राहिले, हे समजायचं तर दोन नंबरची गोष्ट ऐकावी लागते. अकरा वर्षांपूर्वी सगळ्याच इमारतींच्या भेगांवर पट्ट्या लावल्या गेल्या. दोन नंबरची पट्टी वर्षभरात फुटली. ऑफिसने पंधरा दिवसांत इमारत रिकामी केली आणि चाळीस कुटुंबांना गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. तात्पुरतं, असं कागदावर होतं. ती माणसं अजून तिथेच आहेत. म्हातारी होती ती पत्र्याखालीच गेली, आणि दोन नंबरच्या जागी आता गवत आहे.

म्हणून चार नंबरची पट्टी पहिल्यांदा फुटली तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई काचकाकांच्या दारात आल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण वर्गातून काही निवृत्त झाल्या नव्हत्या. रहिवाशांच्या कमिटीत त्या बोलायच्या आणि बाकीचे माना डोलवायचे.

"काका, एक वीतभर काच," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे अशा कितीतरी पडून असतील."

"बाई, ती काच उगीच फुटत नाही."

"दोन नंबरची फुटली, ती काय उद्या पडणार होती? यंत्रं लावून पाडायला तीन महिने लागले तिला. चाळीस संसार वाऱ्यावर सोडायचे का, ते तुम्ही ठरवा. मी काही बोलणार नाही."

आणि खरंच त्या पुढे काही बोलल्या नाहीत. काचकाकांनी काच लावली. चाळीस घरांत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणालाच माहीत नव्हती. काकांना कुणी काही विचारत नसे. फक्त दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना डबा आणून देई.

पहिल्यांदा ते वर्षातून एकदा व्हायचं. मग सहा महिन्यांनी व्हायला लागलं, मग दर महिन्याला. आताशा खिडक्याही बोलायला लागल्या होत्या. ज्या चौकटीत काकांनी तरुणपणी डोळे मिटून अठरा बाय चोवीसची काच बसवली होती, तिच्यात ती आता बसेना. एक बाजू दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त, एक बाजू दोन सूत कमी, अशी तिरपी कापावी लागे. दरवाजे वरून घासायचे. लोक सुताराला बोलावून दरवाजे तासून घ्यायचे आणि लाकूड फुगलंय म्हणायचे.

काचकाका भित्रे होते, पण दगडाच्या काळजाचे नव्हते. त्यांना झोप लागायची ती एका गोष्टीच्या आधारावर. त्यांची एकुलती एक लेक पश्चिमेच्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर राहायची. जावई बोटीवर कामाला, वर्षातले आठ महिने बाहेर; घरात ती आणि तिच्या दोन मुली. पश्चिमेच्या जिन्यातही एक भेग होती, तिच्यावरही पट्टी होती, आणि ती पट्टी अकरा वर्षांत त्यांना एकदाही फुटलेली दिसली नव्हती. दर रविवारी लेकीकडे जेवायला जाताना काका जिन्यात थांबायचे, मान वर करून ती अखंड पट्टी बघायचे आणि मगच पुढची पायरी चढायचे. हललं तर पूर्वेचं टोक हलेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या टोकाला इतर माणसं राहत होती, हा विचार ते फार वेळ डोक्यात ठेवत नसत. सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

मग फळ्यावर नोटीस लागली. पालिकेने सगळ्या इमारतींची जुनी वही काढून बघितली होती. अकरा वर्षांत जिची एकही पट्टी फुटली नाही, की वहीत दुसराही कसला शेरा नाही, अशी एकच इमारत निघाली, चार नंबर. सबब ती सर्वांत मजबूत. सबब तिच्यावर एक मजला चढवायचा आणि दहा नवी घरं काढायची. पत्र्याच्या शेडमधल्या काही लोकांना तिथे आणायचं, आणि दोन घरं चार नंबरमधल्याच मोठ्या कुटुंबांना द्यायची.

वसाहतीत आनंदीआनंद झाला. मास्तरीणबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. लेक तर हरखून गेली.

"बाबा, मोठी खोली मिळाली तर तुम्हीही वरच राहायला या. खाली एकटे किती दिवस काढणार?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "तू अर्ज केलास?"

"पहिला माझाच आहे."

थोरली नात त्यांच्या ताटात वाढत होती. धाकटी जमिनीवर काच खेळत होती, म्हणजे रंगीत गोट्या. तिने एक गोटी ठेवली, सोडली, आणि ती कुणी न ढकलता दाराकडे गेली. पोरीला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या जन्मापासून गोट्या त्याच बाजूला जात होत्या. काकांनी मात्र ती उचलून पुन्हा ठेवली; ती पुन्हा दाराकडेच गेली. ते न जेवताच उठले.

दोन दिवसांनी गच्चीवर वाळूची पोती चढायला लागली. पूर्वेची पट्टी त्याच दुपारी फुटली. या खेपेला काचकाकांनी हत्यारांची पेटी उचलली नाही. फुटलेली पट्टी तशीच भिंतीवर ठेवून ते सरळ पालिकेच्या ऑफिसात गेले.

इंजिनियर मॅडम तरुण होत्या, बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. काकांनी काही लपवलं नाही. किती वर्षं, किती पट्ट्या, खोट्या सह्या, खाली काय गाडलंय, सगळं सांगून टाकलं.

"काका, तुम्ही म्हणता तसं असेल तर तो गुन्हा आहे. माहीत आहे ना?"

"घाला आत. पण आधी माणसं बाहेर काढा."

 मॅडमनी कपाटातून वही काढली. चव्वेचाळीस पानांवर चव्वेचाळीस खुणा, शेजारी फोटो. "हे बघा, प्रत्येक फोटोत सही तीच, अक्षर तेच. मी काय मानू?"

"तीच तर चूक झाली," काका म्हणाले. "मला काम नीट करायची सवय आहे."

खिडक्या तिरप्या झाल्यात हेही त्यांनी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, जुनं लाकूड वाकतं. खाणीचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या नकाशात खाण नाही. पण बाई मनाने वाईट नव्हती. "उद्या सकाळी मी स्वतः येते. फुटलेली पट्टी दाखवा. तेवढं एक मला पुरे आहे. त्याच क्षणी काम थांबवते."

त्या संध्याकाळी काचकाका मास्तरीणबाईंकडे गेले आणि उद्या काय होणार ते सांगून आले. पाठीमागून वार केला असं कुणी म्हणू नये, एवढाच हेतू होता. मास्तरीणबाईंनी ऐकून घेतलं. त्यांचे हात मांडीवर शांत होते.

"शेडमध्ये कितीजण गेले, मोजलेत का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"बाई, इथे किती जातील ते मी मोजतोय."

सकाळी मॅडम आल्या. काका त्यांना घेऊन पूर्वेचा जिना चढले. कमिटीची चारपाच माणसं मागे होती, मास्तरीणबाई होत्या, आणि लेकही पदर खोचून आली होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काकांनी वर बोट दाखवलं आणि त्यांचं बोट तसंच राहिलं.

पट्टी अखंड होती. कोपऱ्यात अकरा वर्षांपूर्वीची तारीख होती. शेजारी ओव्हरसियरची सही होती.

मॅडमनी टॉर्च मारला, जवळ जाऊन बघितलं, बोटाने चाचपलं. काचकाकांनीही बघितलं. कापलेली कड सरळ होती, एका दमात ओढलेली, कुठेही खरखर नाही. प्लॅस्टर कडेने ओल्या बोटाने गुळगुळीत केलेलं होतं. असं काम करणारं माणूस या इमारतीत त्यांच्याखेरीज एकच होतं. तिला मुलगा-मुलगी न बघता त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्याच शिकण्यावर तिचं फोटोच्या फ्रेमचं दुकान चालत होतं.

ते वळून लेकीकडे बघायला लागले. ती मॅडमकडे बघत होती.

"मॅडम, माफ करा," लेक हळू आवाजात म्हणाली. "आई गेल्यापासून बाबांचं असं होतं. कधी काय मनात घेतील सांगता येत नाही. तुम्हाला उगीच हेलपाटा पडला."

"अगं, तू लावलीस ती," काका म्हणाले. "मॅडम, हिने लावली. हिच्या हातचं काम आहे हे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी नुसत्या माना खाली घातल्या. मास्तरीणबाईंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. मॅडमनी वहीत पंचेचाळिसावी खूण केली, "काका, तब्येतीला जपा," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

लेकीने बापाचा दंड धरून त्यांना तिसऱ्या मजल्यावर घरी नेलं. मुली शाळेला निघायच्या होत्या. डोक्यावर गच्चीत पोती टाकल्याचे आवाज येत होते, एकामागून एक.

"बाबा, रागावू नका," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मास्तरीणबाई काल रात्री जेवणं उरकल्यावर आल्या. मी काय करणार? हे आठ महिने बाहेर असतात. दोन मुलींना घेऊन मी पत्र्यात राहू?"

"माझ्या तोंडावर मला वेडा ठरवलंस."

"हो. ठरवलं. आणि एवढं काय त्यात? एक पट्टीच तर लावली. मी काय पहिल्यांदा लावली?"

काका खुर्चीवर बसता बसता थांबले. "म्हणजे?"

 बोलून बसली होती ती.

"कुठली लावलीस?"

"इथली. आमच्या जिन्यातली."

"पश्चिमेची?"

"दोन वर्षं झाली. तुम्हाला त्रास नको म्हणून बोलले नाही. तुमचं वय झालंय, पूर्वेकडचं तुम्ही बघताच आहात, म्हटलं इकडचं मी बघेन. तुम्ही रविवारी येता म्हणून शनिवारीच बघून ठेवायची."

काचकाका सरळ उभे राहिले. "कितीदा फुटली?"

"आधी वर्षातून दोनदा. मग..." ती बोलता बोलता मोजायला लागली, आणि मोजता मोजता तिचा चेहरा बदलत गेला. "या महिन्यात पाच. बाबा, पूर्वेची किती?"

"पाच."

इतकी वर्षं ती समजत होती की खरं हलतंय ते बापाच्या बाजूला, इकडे नुसता त्याचा धक्का पोचतोय, आणि तो हातात काच घेऊन बसलाय तोवर काळजी नाही. बाप समजत होता की हलायचं ते आपल्या बाजूला हलतंय आणि लेक सुरक्षित आहे. दोघांनी एकमेकांना जपलं होतं, आणि मध्ये चाळीस घरं होती.

 थोरलीच्या पाठीला दप्तर होतंच, धाकटीला लेकीने उचलून कडेवर घेतलं. घराला कुलूपसुद्धा लावलं नाही. चौघं जिना उतरून खाली मैदानात, दोन नंबरच्या गवतापर्यंत आली. तिने मुलींना तिथे उभं केलं, थोरलीला म्हणाली, "इथून हलायचं नाही," आणि उलट धावत इमारतीपाशी गेली.

"बाहेर या," ती ओरडली. "सगळे बाहेर या. बाबा खरं बोलत होते. पट्टी मी लावली. पश्चिमेची पण फुटतेय, दोन वर्षं मीच लावतेय. पोरांना घेऊन बाहेर या."

माणसं गॅलरीत आली. कुणी दात घासत होतं, कुणाच्या हातात चहाचा कप होता. काचकाकाही ओरडायला लागले. जन्मभर जपून वापरलेला आवाज त्यांनी सगळा बाहेर काढला. नावं घेऊन हाका मारल्या, ज्यांनी डबे दिले होते त्यांना, ज्यांच्या खिडक्या तिरप्या कापून दिल्या होत्या त्यांना.

वरून एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि ते खाली स्पष्ट ऐकू आलं, "बापाचं लेकीला लागलं. आत्ता सकाळीच बिचारी सांगत होती मॅडमना." दोघीतिघी हळहळून चुकचुकल्या. काही माणसं आत गेली. काही कौतुकाने गच्चीकडे बघत राहिली; मजूर दोराने पोतं वर ओढत होते, आणि खाली ट्रकमध्ये अजून बरीच पोती होती.

मास्तरीणबाई पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभ्या होत्या. लेक त्यांच्या खिडकीखाली गेली. "बाई, तुम्हाला माहीत आहे मी खरं बोलतेय. तुम्ही एकदा सांगा. तुमचं ऐकतील."

 मास्तरीणबाईंना माहीत होतं. काकांनाही दिसत होतं की त्यांना माहीत आहे.

"ऊन वाढतंय, पोरींना घरात घे," त्या म्हणाल्या. "आणि संध्याकाळी सभा आहे, नव्या घरांच्या वाटपाची. तुझा अर्ज पहिला आहे."

त्यांनी खिडकी ओढून घेतली. ती नीट लागेना, तेव्हा त्यांनी खांदा लावून जोरात दाबली.